पत्र अडले नेमके कुठे?

‘पत्र पाठवले’ असे शब्द संगणकाच्या पडद्यावर उमटले की आपण निश्चिंत होतो. गंमत अशी, की चौकातल्या लाल पेटीत पाकीट टाकल्यावर आतून टप्प असा आवाज आला, म्हणून पत्र पोहोचले असे आपण कधीच समजत नाही. पेटी उघडली जाईल, पत्रांची वर्गवारी होईल, थैली गाडीत चढेल, आणि मग कुठे पोस्टमन दारात उभा राहील, हे आपल्याला ठाऊक असते. ई-मेलचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे. आज वापरात असलेले रंगीत, चकचकीत पडदे मात्र हे टप्पे झाकून टाकतात. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाबाबत शाळा म्हणते, ‘पाठवला होता’. कार्यालय म्हणते, ‘मिळाला नाही’. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. अडचण एवढीच असते, की मधल्या वाटेवर पत्र कुठे थांबले आहे ते शोधण्याची कला दोघांनाही अवगत नसते.

ही कला शिकण्यासाठी एक जुने साधन आजही उत्तम आहे. ते म्हणजे अक्षरी ई-मेल आज्ञावली, अर्थात चित्रे, बटणे आणि माऊस यांच्याशिवाय, फक्त कळफलक आणि अक्षरे यांच्यावर चालणारी आज्ञावली. या लेखात आम्ही अशा आज्ञावलींपैकी ‘मट’ ही घेतली आहे. ती लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर विनामूल्य बसवता येते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, जाळ्यातून जाणारे पहिले पत्र रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत अर्पानेटवर पाठवले. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये आज आपण जे गोल ‘अ‍ॅट’ चिन्ह टाकतो, तीही त्यांचीच निवड. पुढची दोन दशके ई-मेल म्हणजे अक्षरीच असे. १९८६ मध्ये ‘एल्म’ आली, वॉशिंग्टन विद्यापीठाची ‘पाइन’ १९९२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी ‘मट’ लिहिली. इंग्रजीत मट म्हणजे संकरित कुत्रे. आधीच्या आज्ञावलींमधले बरेवाईट गुण एकत्र आले म्हणून हे नाव! आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा स्वस्तातल्या ‘शेल’ खात्यांवर फक्त अक्षरेच दिसत. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ई-मेल पहिल्यांदा पाहिली ती अशीच, काळ्या पडद्यावर, मोडेमच्या किरकिराटानंतर. आजही दूरच्या केंद्रावरील संगणकाशी मंद जोडणीतून काम करायचे असेल, तर संशोधक हीच आज्ञावली उघडतात. पण शिक्षकांच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे: ती काही लपवत नाही.

दोन दारे आणि तीन कामगार

ई-मेलच्या कारभारात निदान तीन वेगळी कामे असतात. पहिले पत्र लिहिण्याचे आणि वाचण्याचे. हे मटचे काम. त्यातही प्रत्यक्ष लेखन ती ‘नॅनो’ किंवा ‘व्हीआय’सारख्या संपादकाकडे सोपवते. दुसरे काम पत्र वाहून नेण्याचे. ते ‘एसएमटीपी’ या नियमावलीनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी ती १९८२ मध्ये लिहिली, आणि सुधारणा होत होत ती आजही वापरात आहे. तिसरे काम आलेले पत्र पेटीत सांभाळण्याचे आणि मागितल्यावर दाखवण्याचे. त्यासाठी ‘आयमॅप’ ही वेगळी नियमावली आहे. तिचा आरंभ मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये केला.

म्हणजे पत्र बाहेर जाण्याचे दार वेगळे आणि आत येण्याचे दार वेगळे. ‘पत्रे येतात पण जात नाहीत’ ही तक्रार त्यामुळेच संभवते, आणि तिच्यातच अर्धे निदान दडलेले असते. येण्याचे दार ठीक असेल, तर इंटरनेटची जोडणी चालू आहे. दोष जाण्याच्या दारात शोधायचा.

या दारांना क्रमांक आहेत. आयमॅपचे सुरक्षित दार ९९३. पत्र स्वीकारण्याची दारे ५८७ आणि ४६५. आणि सर्व्हरने सर्व्हरला पत्र देण्याचे जुने दार २५. सामान्य माणसाने आता २५ क्रमांकाच्या वाटेला जाऊ नये. टपाल वाटणाऱ्या बनावट यंत्रांना आवर घालण्यासाठी इंटरनेट पुरवणाऱ्या बहुतेक कंपन्या घरगुती व शाळांच्या जोडण्यांवर ते बंद ठेवतात.

मांडणी

मटची सारी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. तिचे नाव ‘डॉट मटआरसी’, आणि ती वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये असते. इंटरनेटवर कोणाची तरी तीनशे ओळींची तयार फाइल सापडते आणि ती जशीच्या तशी उतरवून घेण्याचा मोह होतो. आमचे मत स्पष्ट आहे: तो मोह टाळावा. दुसऱ्याच्या तीनशे ओळींतला दोष शोधण्यापेक्षा स्वतःच्या सात ओळी लिहिणे सोपे.

त्या सात ओळी अशा. ‘सेट रिअलनेम’ने आपले नाव, ‘सेट फ्रॉम’ने पत्ता. ‘सेट फोल्डर’ने आयमॅप सर्व्हरचा पत्ता, त्याची सुरुवात ‘आयमॅप्स’ने करायची, शेवटचा ‘एस’ सुरक्षित जोडणीसाठी. ‘सेट स्पूलफाइल’ने त्यातली येणाऱ्या पत्रांची पेटी. ‘सेट एसएमटीपी यूआरएल’ने पत्रे स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि दाराचा क्रमांक. ‘सेट एसएसएल फोर्स टीएलएस’ याला ‘येस’ म्हटले, की सांकेतिक आवरणाशिवाय बोलायला मट नकार देते. आणि ‘सेट रेकॉर्ड’ने पाठवलेल्या पत्राची प्रत कुठे ठेवायची ते. जीमेलसारख्या सेवा पाठवलेल्या पत्राची प्रत आपणहून ठेवतात. तेथे ‘रेकॉर्ड’ही लिहिले तर प्रत्येक पत्र दोनदा दिसते आणि आपण दोनदा पाठवले की काय अशी शंका येते.

एकेक ओळ लिहावी, मट बंद करून पुन्हा उघडावी, काय बदलले ते पाहावे, मग पुढची ओळ. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलायचा, असे आपण नववीच्या मुलांना सांगतोच.

परवलीच्या शब्दाबाबत मात्र थोडे थांबायला हवे, कारण सर्वाधिक वेळ येथेच जातो. मटच्या फाइलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत डॉलरचे चिन्ह आले, तर मट त्यापुढच्या अक्षरांना एखाद्या चल राशीचे नाव समजते आणि तिची किंमत तेथे भरते. परवलीच्या शब्दात डॉलर असेल, तर सर्व्हरकडे भलताच शब्द जातो. आपण फाइल शंभरदा वाचली तरी ती बरोबरच दिसते! उपाय सोपा आहे: एकेरी अवतरणचिन्हे वापरावीत. त्यांच्या आतला मजकूर मट जसाच्या तसा घेते. ही फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी परवानगीही तिला द्यावी. ‘सीएचमॉड ६००’ ही आज्ञा त्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट २०२२ मधली. त्या वर्षी ३० मे पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी, बाहेरच्या आज्ञावलींना नेहमीच्या परवलीच्या शब्दाने आत घेणे थांबवले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या संस्थांसाठीच्या सेवेत तसेच करायला सुरुवात केली. त्यामुळे वर्षानुवर्षे चालणारी मांडणी एके दिवशी अचानक बंद पडली आणि लोक आपल्या फाइलमध्ये दोष शोधत बसले. गूगलच्या खात्यात दुहेरी पडताळणी चालू केली, की अशा आज्ञावलीसाठी १६ अक्षरांचा स्वतंत्र परवलीचा शब्द मिळवता येतो. अन्यथा ‘ओऑथ’ पद्धत वापरावी लागते. तीत शब्दाऐवजी मर्यादित मुदतीचे परवानापत्र दिले जाते. ती मटमध्ये करता येते, पण पहिल्या दिवशी तिच्या नादी लागू नये.

दोष शोधताना

समजा, सर्व लिहून झाले आणि मट उघडत नाही, किंवा उघडते पण पेटी दाखवत नाही. आता फाइलमध्ये हे बदल, ते बदल असे करू नये. पहिला प्रश्न असा: दोष माझ्या फाइलमध्ये आहे की बाहेर? ‘मट’ या शब्दापुढे उणे-एन आणि उणे-मोठा-एफ लिहून ‘डेव्ह-नल’ हे रिकाम्या फाइलचे नाव दिले, की मट कोणतीही मांडणी न वाचता उघडते. अशी ती नीट उघडली, तर दोष आपल्या ओळींत आहे. ‘मट उणे-व्ही’ लिहिले की ती कोणत्या सोयींसह बनवली आहे याची यादी येते. त्या यादीत एसएमटीपीपुढे उण्याचे चिन्ह असेल, तर आपली सातपैकी एक ओळ तिला कधीच कळणार नव्हती.

दोष बाहेर असेल, तर वाटेवरच्या पायऱ्या क्रमाने चढायच्या. सर्व्हरच्या नावाचा अंकी पत्ता मिळतो का? ‘होस्ट’ या आज्ञेपुढे नाव लिहिले की कळते. मिळत नसेल तर नावात चूक आहे किंवा शाळेची जोडणीच बंद आहे. पत्ता मिळाला, तर दार उघडते का? येथे दोन वेगळी उत्तरे येतात आणि त्यांतला फरक फार उपयोगी आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे आपण घरापर्यंत पोहोचलो, पण त्या दारामागे कोणी बसलेले नाही. बहुधा दाराचा क्रमांक चुकला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली आणि उत्तरच आले नाही. बहुधा मध्ये कोणीतरी भिंत घातली आहे. पहिल्यात नकार आहे, दुसऱ्यात मौन. मौन असेल तर आपल्या फाइलमध्ये बदल करून सहसा काहीच साधत नाही.

त्यापुढची पायरी प्रमाणपत्राची. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवतो, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य, या तारखा असतात. शाळांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांत मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग त्या संगणकाच्या मते सर्व्हरचे ओळखपत्र अजून जारीच झालेले नसते आणि तो जोडणी तोडतो. पडद्यावर ‘प्रमाणपत्र ग्राह्य नाही’ असा भीतिदायक संदेश येतो, तेव्हा आधी ‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख पाहावी. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाका, असा सल्ला काहीजण देतात. तो ऐकू नये. घड्याळ चुकले म्हणून दाराचे कुलूप काढून टाकण्यासारखे ते आहे.

याही पुढे जाऊन मटला बाजूला ठेवता येते आणि सर्व्हरशी स्वतःच बोलता येते. आमच्या मते वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा याहून चांगला प्रयोग नाही. ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट’ या आज्ञेला उणे-कनेक्ट म्हणून सर्व्हरचे नाव आणि ९९३ हा क्रमांक द्यावा. प्रमाणपत्राचा लांबलचक मजकूर सरकून गेला, की शेवटी तारांकन आणि ‘ओके’ने सुरू होणारी ओळ येते. सर्व्हरने नमस्कार केला! आता आपण आज्ञेच्या आधी एखादी खूण टाकायची, उदाहरणार्थ ‘ए१’, आणि पुढे ‘लॉगिन’, खात्याचे नाव, परवलीचा शब्द. उत्तर त्याच खुणेने येते. ‘ए१ ओके’ म्हणजे प्रवेश मिळाला. ‘ए१ नो’ म्हणजे तुमचे म्हणणे समजले, पण मान्य नाही. नाव किंवा शब्द चुकला. ‘ए१ बॅड’ म्हणजे म्हणणेच समजले नाही. आज्ञा लिहिण्यात चूक आहे. हाताने बोलून प्रवेश मिळाला आणि मटला मिळाला नाही, तर दोष नक्की मटच्या फाइलमध्ये आहे, आणि डॉलरच्या चिन्हाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

एसएमटीपीशी बोलणे याहून मजेचे, कारण तेथे प्रत्येक उत्तराला तीन अंकी क्रमांक असतो. पहिला अंक २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे पुढे बोला, ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि ५ म्हणजे नाही. नमस्कार २२०चा. पत्राचा मजकूर सुरू करा म्हणताना ३५४. मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत फक्त एक टिंब टाइप करायचे, आणि त्यावर २५० आले, की सर्व्हरने पत्राची जबाबदारी घेतली. ५३५ आले तर ओळख पटली नाही. ५५० म्हणजे ती पेटी नाही किंवा तुमचे पत्र घेणार नाही. एक गमतीदार खड्डा येथे आहे. पत्र कोणाला, हे सांगणारी आज्ञा इंग्रजी ‘आर’ने सुरू होते, ती मोठ्या लिपीत लिहिली तर एस-क्लायंट ते अक्षर स्वतःसाठीची सूचना समजते आणि आपली आज्ञा सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. ती लहान लिपीत लिहावी. सर्व्हरला दोन्ही सारखेच.

पावती कोणाची?

आता ‘पाठवले’ या शब्दाकडे परत येऊ. एका तालुक्याच्या गावातील शाळेचे विद्यार्थी २०२३ च्या पावसाळ्यात पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवत होते, आणि त्यांच्या विज्ञानाच्या बाई दर आठवड्याला ती आमच्याकडे ई-मेलने पाठवत. जुलैच्या मध्यानंतर पत्रे येईनात. बाईंना दूरध्वनी केला तर त्या चकित झाल्या. मट दर आठवड्याला ‘पत्र पाठवले’ असेच म्हणत होती. आठवीतल्या ज्या मुलीने भर पावसात रोज सकाळी साडेआठला मापकाजवळ जाऊन आकडे घेतले होते, तिच्या सात आठवड्यांच्या नोंदी गेल्या कुठे?

त्या संगणकावर मट स्वतः सर्व्हरशी बोलत नव्हती. ती पत्र त्याच संगणकावरील ‘पोस्टफिक्स’ या वाहक आज्ञावलीकडे देत होती. पोस्टफिक्सने पत्र हातात घेतले, की मट म्हणे ‘पाठवले’. ते खोटे नव्हते. पण ती पावती चौकातल्या पेटीची होती, पोहोचल्याची नव्हे. ‘मेलक्यू’ ही आज्ञा देऊन बाईंनी रांग पाहिली, तर ताजे पत्र तेथेच बसलेले, आणि शेजारी कारण: दार २५, ‘टाइम्ड आउट’. इंटरनेट पुरवणाऱ्याने जुलैमध्ये ते दार बंद केले होते.

मग आधीची सहा पत्रे? पोस्टफिक्स पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि मग पत्र, न पोहोचल्याच्या कारणासह, पाठवणाऱ्याकडे परत करते. पण कोणत्या पत्त्यावर? पाकिटावरचा परतीचा पत्ता आणि आतल्या कागदावरचा पत्ता ई-मेलमध्येही वेगवेगळे असू शकतात. मटला वेगळे सांगितले नाही, तर पाकिटावर त्या संगणकावरील स्थानिक खात्याचे नाव पडते. म्हणून परत आलेली पत्रे त्याच संगणकावरच्या स्थानिक पेटीत साठत गेली, आणि मट पाहत होती ती दूरची आयमॅप पेटी. ‘मट उणे-एफ’ पुढे स्थानिक पेटीचे नाव दिल्यावर सहाही पत्रे, आतल्या तक्त्यांसह, सापडली. पत्र रांगेत आहे, परत आले आहे की पुढच्या सर्व्हरकडे गेले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे बाईंनी वर्गातल्या मुलांसमोरच काढली. त्यानंतर पोस्टफिक्सला बगल देऊन दार ५८७ ची ओळ मटमध्ये लिहिली गेली, आणि न्यूनाधिक न करता सारे आकडे नोंदवहीत चढले.

मराठी पत्रातली प्रश्नचिन्हे

आपल्या वाचकांना सर्वाधिक भेडसावणारा दोष मात्र वाटेतला नसतो, लिपीतला असतो. पत्र येते, पण त्यात मराठीऐवजी काहीतरी भलतेच दिसते. हे ‘काहीतरी’ नीट पाहिले, तर दोष कुठे आहे ते बहुधा कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. एसएमटीपी जन्मली तेव्हा तिला फक्त सात बिटांची, म्हणजे १२८ चिन्हे ठाऊक होती, आणि त्यांत देवनागरी नव्हती. १९९२ मध्ये बोरेनस्टीन आणि फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिच्यामुळे कोणत्याही लिपीचा मजकूर त्या जुन्या चिन्हांत गुंडाळून पाठवता येऊ लागला. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती रचली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो: सोळाच्या पटीत ‘ई-शून्य’. दुसरा ‘ए-चार’ किंवा ‘ए-पाच’. फक्त तिसरा बहुधा बदलत राहतो.

आता पडद्याकडे पाहू. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चारी बाजूंना पाय फुटलेले छोटे वर्तुळ, ही जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल, तर ते ई-शून्य आणि ए-चार हेच बाइट आहेत. फक्त कोणीतरी त्यांना युरोपीय अक्षरे समजून दाखवत आहे. मजकूर शाबूत आहे. मटमध्ये कंट्रोल आणि ई दाबून पत्राची संकेतपद्धती यूटीएफ-८ केली, की मराठी प्रकट होते. उलट-तिरक्या रेघेमागे ३४०, मग २४४ असे अंक दिसले, तर तेच दोन बाइट आठाच्या पटीत छापले आहेत. मटला ती अक्षरे छापण्याजोगी वाटत नाहीत. बहुतेक वेळा संगणकाची भाषाविषयक मांडणीच चुकलेली असते. ‘लोकेल’ ही आज्ञा दिल्यावर उत्तरात यूटीएफ-८ दिसले पाहिजे. ती मांडणी सुधारावी. मटच्या फाइलमध्ये ‘सेट कॅरसेट’ लिहून तात्पुरती मलमपट्टी करू नये, कारण मग पडदा एक बोलतो आणि मट दुसरेच ऐकते.

रिकाम्या चौकोनी डब्या दिसल्या, तर अक्षरे बरोबर आहेत, टंक नाही. देवनागरीचा टंक बसवावा. वेलांटी सुटून पुढे पडली किंवा जोडाक्षर फुटले, तर तो अक्षरी पडद्याचा उणेपणा आहे, कारण तो प्रत्येक चिन्हाला मोजका चौकोन देतो. पत्र फाइलमध्ये साठवून दुसऱ्या संपादकात उघडावे, ते ठीक दिसेल. साधी प्रश्नचिन्हे दिसली, तर दोन शक्यता असतात. लोकेल सुधारल्यावर ती गेली तर उत्तमच. पण मूळ कच्च्या मजकुरातच प्रश्नचिन्हे असतील, तर वाटेत कोणीतरी न समजलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळा झाला आहे. ती माहिती नष्ट झाली. पाठवणाऱ्याकडून पत्र पुन्हा मागवण्यावाचून मार्ग नाही.

आणि पत्र निव्वळ रोमन अक्षरांच्या खिचडीसारखे दिसत असेल, तर ते बहुधा ‘कृतिदेव’, ‘शुषा’ अशा जुन्या टंकांत लिहिलेले असते. त्यांत रोमन संकेतांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही अशा फाइलींत सापडतात. तेथे मटचा इलाज चालत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी वेगळी आज्ञावली लागते.

कच्चा मजकूर पाहण्यासाठी पत्र उघडून उभ्या रेघेची कळ दाबावी आणि ‘लेस’ असे लिहावे. समजा पत्राचा विषय ‘शाळा’ एवढाच आहे. वाचायला दोन अक्षरे. युनिकोडच्या लेखी मात्र श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. माइमच्या ‘बेस-६४’ पद्धतीत तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून कच्च्या मजकुरात १६ अक्षरे दिसतील, आणि चारचारांच्या प्रत्येक गटाची सुरुवात ‘४, के, एस’ अशीच असेल. असे का, हे विद्यार्थ्यांना बाइटांचे बिट कागदावर मांडून, सहासहांचे गट पाडून शोधायला लावावे. एका तासिकेत होते. गुंडाळणे म्हणजे गुप्त करणे नव्हे, हेही त्यात आपोआप कळते. परवलीचा शब्दसुद्धा एसएमटीपीत असाच गुंडाळून जातो, आणि म्हणूनच बाहेरचे सुरक्षित आवरण आवश्यक ठरते.

याच कच्च्या मजकुराच्या माथ्यावर ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सर्वात वर मारतो, त्यामुळे त्या खालून वर वाचायच्या. शेवटी वेळ असते, आणि तिच्यापुढे अधिक ०५३० असे असेल तर ती भारतीय वेळ. अधिक ०००० असेल तर तीत साडेपाच तास मिळवायचे. उशिरा पोहोचलेले पत्र कोणत्या दोन शिक्क्यांच्या मध्ये रेंगाळले, ते साध्या वजाबाकीने निघते. मात्र सर्वात खालचे शिक्के पाठवणाऱ्याला बनवता येतात, तेव्हा परक्या पत्रात आपल्या सर्व्हरच्या शिक्क्यावरच भरवसा ठेवावा.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर मटला उणे-डी आणि २ हा अंक देऊन उघडावे. ती आपल्या प्रत्येक संभाषणाची टिपणे ‘डॉट मटडीबग०’ या फाइलमध्ये लिहिते. जाणकाराकडे मदत मागताना ‘चालत नाही’ एवढेच न लिहिता, मटची आवृत्ती, सर्व्हरने दिलेला तीन अंकी क्रमांक आणि या टिपणांतल्या शेवटच्या दहाबारा ओळी पाठवाव्यात. त्यांत खात्याचे नाव किंवा पत्रांचा मजकूर उतरलेला असू शकतो. पाठवण्यापूर्वी तो खोडावा, आणि काम झाल्यावर फाइल पुसून टाकावी.